जाड तारांची बाजू

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या गिटारनं त्याचा हात धरला होता. मी नव्हता धरला. हे आधीच सांगून टाकते, कारण तो सगळ्यांना उलटंच सांगतो.

काळेवाडीहून पिंपरीला निघालेली शेअर रिक्षा. मार्चमधलं ऊन. मागच्या सीटवर एका कडेला भाजीची पिशवी घेतलेल्या काकू, मधे मी आणि दुसऱ्या कडेला तो. गिटार मी मांडीत उभी धरली होती. कव्हरची चेन केव्हाच गेलेली, त्यामुळं तिचं डोकं बाहेर. गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि एका तारेचं मोकळं टोक त्याच्या टी-शर्टच्या बाहीत जाऊन अडकलं.

"हलू नका," मी म्हटलं.

"हलतोय कुठं? मला तर धरून ठेवलंय."

त्यानं दुसऱ्या हातानं तारेची चावी हळूच फिरवायला घेतली. तार सैल झाली, बाही सुटली आणि चावी त्याच्या हातात आली. तुटूनच आली. त्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, आईशप्पथ, मी काही केलं नाही."

"माहितीये. ती आधीच गेलेली होती. तुम्ही फक्त निमित्त झालात."

"निमित्त व्हायला आपली ना नाही," तो म्हणाला आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. हात खडबडीत, नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ. माझ्या लगेच लक्षात आलं, हा कंपनीतला माणूस.

माझंही तेच. मी श्रद्धा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीच्या बाजूच्या आरशांचे ब्रॅकेट येतात, ते तपासायचे. डाव्या आरशाचा तो एलएच, उजव्याचा तो आरएच. दिवसाला चारशे नग माझ्या हाताखालून जातात आणि चुकीचा एकही पुढं जात नाही, असा माझा लौकिक आहे. घरीसुद्धा आई चपात्या वाढताना विचारते, "ही पास का?"

गिटार दोन आठवड्यांपूर्वी कपाटावरून आडवी पडली होती. लाकडाला काही झालं नाही, पण एका बाजूच्या तिन्ही चाव्या वाकल्या. मग काय, तारा लावाव्यात आणि दोन मिनिटांत त्या उतराव्यात. तेही नेमकं जयंतीच्या तोंडावर! आमच्या विहारात सुमनताईंची महिलांची गायन पार्टी आहे. पेटी, ढोलकी, टाळ आणि यंदा पहिल्यांदाच गिटार... म्हणजे मी. सुमनताईंना गिटार मुळातच पसंत नव्हती. तालमीत तिसऱ्यांदा सूर उतरला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या या डब्याचे कान पिळता पिळता जयंती निघून जाईल गं."

हे सगळं मी त्याला पिंपरी येईपर्यंत सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे. तो मान हलवत ऐकत होता. त्याचं नाव बुद्धभूषण, सगळे भूषण म्हणतात. भोसरीच्या एका टूलरूमला साचे बनवायच्या कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी कासारवाडीत घरीच वाद्यं दुरुस्त करायचा. आत्ताही कुणाची तरी पेटी काळेवाडीत पोचवून परत चालला होता.

"पिंपरीच्या दुकानात नवीनच घ्या म्हणतील," तो म्हणाला. "त्यापेक्षा माझ्याकडं आणा. फक्त चाव्या बदलायच्यात. पुढच्या गुरुवारी?"

आमच्या या पट्ट्यात रविवार कामाचा, सुट्टी गुरुवारची. पुण्यातली माणसं ऐकून हसतात. पण त्या दिवशी मला गुरुवार फार शहाणा वार वाटला.

"गॅरंटी आहे का?" मी विचारलं.

"गिटारची का माझी?"

"दोन्हींची," असं माझ्या तोंडून निघून गेलं... आणि भाजीवाल्या काकूंनी वळून माझ्याकडं नीट बघून घेतलं.

कासारवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा दार त्याच्या आईनं उघडलं. कस्तुराबाई मूळच्या परभणीकडच्या.

"जय भीम, माय. ये, बस की. त्यानं सकाळपासून तीनदा टेबल पुसलंय," त्या म्हणाल्या.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

टेबल गॅलरीत होतं. त्यानं गिटारच्या तारा उतरवल्या, जुन्या चाव्यांचे बारीक स्क्रू काढून बाटलीच्या बुचात ठेवले. जेवढ्या चाव्या तेवढी बुचं. मला बरं वाटलं. स्क्रू नीट ठेवणारी माणसं मला मुळातच आवडतात.

"सहाही बदलू," तो म्हणाला. "जुन्या-नव्या एकत्र नकोत."

"तीन चांगल्या आहेत. चांगल्या पार्टला कशाला हात लावायचा?"

"कंपनीत असंच बोलता?"

"कंपनीत याहून वाईट बोलते."

मग मी पर्समधून व्हर्निअर काढला आणि चावीच्या भोकाचं माप घेतलं. तो बघतच राहिला.

"पर्समध्ये व्हर्निअर? आणि लिपस्टिक?"

"तीपण आहे. तुमचं लक्ष कुठंय?"

"मापावर," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

चाव्या मीच मागवायच्या ठरल्या. माल मी स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो एवढंच म्हणाला, "जाड तारांच्या बाजूच्या तीन." मी गिटार टेबलावर पालथी घातली. चाव्या मागूनच बसवतात ना! बघितलं, तर जाड तारांची बाजू उजवीकडं. फोनमध्ये लिहिलं, आरएच, तीन नग. एकदा तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं आणि ऑर्डर दिली.

त्या आठवड्यात त्याचे मेसेज यायचे. कामाचेच.

"भोक आठ एमएमचं आहे, नवीन चावीला दहाचं लागेल. मशीन लावणार नाही, हातानं वाढवेन."

"का? मशीननं पटकन होईल."

"लाकूड आहे. घाई केली की फाटतं."

मग पाच मिनिटांनी... "जेवलात का?"

मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून ते तीन शब्द... बरं, दोनच शब्द होते, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचत होते. शेजारी दिपाली बसलेली. ती माझ्याच लाइनवर पॅकिंगला आहे. "डब्यातली भाजी कोरडी आहे, तरी तू हसतेस?" ती म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी मी चाव्या घेऊन गेले. चकचकीत, एकेक कागदात गुंडाळलेली. त्यानं रीमर काढला. हातानं फिरवायचा, शंकूसारखा निमुळता, भोक मोठं करायचा. एक फेरा घ्यायचा, थांबायचं, माप बघायचं. लाकडाचा गोडसर वास येत होता. खाली स्टेशनात गाडी शिरली आणि टेबलावर पडलेल्या तारा थरथरल्या.

"तुम्ही करा एक," तो म्हणाला.

"मी? फाटलं तर?"

"नाही फाटत. दोन फेरे... हं... सावकाश. आता थांबा. फुंकर मारा."

मी फुंकर मारली. सगळा भुसा उडून त्याच्या भुवयांवर बसला. तो तसाच, डोळे मिटून उभा. मला हसू आवरेना. ओढणीचं टोक पुढं केलं आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन मागं घेतलं. "रुमाल नाही का तुमच्याकडं?" असं उगाच दटावलं. त्यानं डोळे मिटूनच खिसा चाचपला. आत रुमाल होता. मला त्या रुमालाचा फार राग आला.

मग त्यानं पहिली चावी बसवली, जाड तार ओवली आणि आवळायला घेतली. तार सैल पडली. उलटं फिरवलं, आवळली गेली. त्यानं चावी काढून हातात धरली, वर-खाली फिरवून बघितली, मग उरलेल्या दोन बघितल्या.

"दुसऱ्या बाजूच्या आल्यात," तो म्हणाला.

"शक्यच नाही!"

मी कागद हिसकावून घेतला. आरएच. बरोबर. ऑर्डर बरोबर. माल बरोबर... आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं डावं-उजवं ठरतं ते ड्रायव्हरच्या सीटवरून. म्हणजे गाडीच्या मागून पुढं बघत. मी गिटारही मागूनच बघितली होती. जगातले सगळे गिटारवाले मात्र तिला समोरून बघतात.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चारशे नगांत एक चूक न करणारी मी, तीन नगांत तीन चुका! मी काही बोलणार एवढ्यात माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडं गेलं. तो हसत होता. चिडवल्यासारखं नाही. सणाला घरी कुणी आल्यावर हसतात तसं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "बरोबर बाजूच्या मी मागवतो. पुढच्या गुरुवारी बसवू."

मला सोडायला तो रिक्षा स्टँडपर्यंत आला. वाटेत उसाचा रस घेतला, आलं-लिंबू घालून.

"दिवसाला किती एलएच-आरएच बघता तुम्ही?" त्यानं ग्लासात बघत विचारलं.

"चारशे."

"आणि आजवर चुकलात किती वेळा?"

"एकदाही नाही," मी रागानं म्हटलं.

"मग झालं तर!" तो म्हणाला आणि रिक्षा वळेपर्यंत तिथंच उभा राहिला, हसत.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी हे सगळं दिपालीला सांगितलं. ऐकता ऐकता तळेगाव चौक आला. मग तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! त्याला वाटलं, तू मुद्दाम केलंस. अजून एक गुरुवार मिळावा म्हणून!"

तेव्हा माझं काय झालं ते सांगते. आधी छातीत काहीतरी गोड हललं. आणि त्याच्या मागोमाग राग आला. मी मुद्दाम चुकीचा माल मागवेन? मी? कुणी म्हणालं की श्रद्धा उद्धट आहे, तर मी ऐकून घेईन. पण चुकीचा माल जाणूनबुजून पुढं सरकवणारी? माझी सगळी इभ्रत त्या एका कामावर उभी आहे. हे त्याला स्पष्ट सांगायलाच हवं, असं मी ठरवलं. आणि आठवडाभर ते गोड हललेलं दाबून ठेवलं.

तिसऱ्या गुरुवारी, चपला काढायच्या आधीच, मी म्हणाले, "एक गोष्ट क्लिअर करायची आहे. ती चूक होती. खरीखुरी चूक. मी मुद्दाम काही केलं नव्हतं."

तो पेचकस घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. एकदम नाही, हळूहळू. ते बघणं फार अवघड होतं.

"अच्छा," तो म्हणाला. "मग मीच... सात दिवस उगाच खूश होतो."

आणि तो टेबलाकडं वळला. काम मात्र तसंच, मन लावून. नव्या चाव्या बसवल्या, स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावून सावकाश आवळले, तारा ओवल्या, एकेक सुरात आणली. अर्धा तास थांबून पुन्हा तपासली. एकही तार उतरली नव्हती. तीन नव्या, तीन जुन्या, सहाही जागच्या जागी.

"झालं, मॅडम. आता तुम्हाला यायची गरज नाही."

कस्तुराबाई चहा घेऊन आल्या, आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि साखर विचारायची विसरल्या. मी तो बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं प्यायले.

रिक्षात बसले आणि मला रडू आलं. इतकं साधं होतं ते! गिटार दुरुस्त झाली होती. पुढच्या गुरुवारी मला कासारवाडीला जायचं काही कारणच उरलं नव्हतं. ते कारण मला हवं होतं, त्या चाव्यांपेक्षा जास्त हवं होतं, हे मला आता कळत होतं. आणि मी काय केलं होतं? मान वर करून, चपला न काढता, माझ्या कामाची अब्रू वाचवली होती. खरं बोलले होते, पण अर्धंच. रिक्षा परत फिरवावी असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा जीभ उचलली नाही.

मंगळवारी चौदा एप्रिल. सकाळी विहारात वंदना झाली आणि मग आमची गाणी. निळे फेटे, पांढऱ्या साड्या, माणसं दारापासून रस्त्यापर्यंत. पहिल्या गाण्यात सूर राहिला. दुसऱ्यात राहिला. तिसऱ्याला सुमनताईंनी आवाज असा वर नेला की पेटीसुद्धा दमली, पण गिटार तसूभर हलली नाही. टाळ्या पडल्या. सुमनताईंनी घाम पुसत माझ्याकडं बघितलं.

"कुणी केली गं दुरुस्त?"

"आहेत एक... कासारवाडीचे."

"हात चांगलाय माणसाचा. पेटी देऊन ये त्याला, भाता फुसफुसतोय," त्या म्हणाल्या. मग बारकाईनं बघत, "का गं, तोंड का उतरलंय? गाणं तर छान झालं."

गाणं छान झालं होतं. माझी जागा पक्की झाली होती. आणि एवढ्या माणसांत माझी नजर सारखी दाराकडं जात होती, एका न आलेल्या माणसासाठी. मी गिटार कव्हरात घातली आणि निघाले. पेटी नेली नाही. पेटी नेली असती तर पुन्हा पेटीच्या कामाला गेल्यासारखं झालं असतं.

रस्ते मिरवणुकांनी भरलेले, रिक्षा पिंपरीच्या अलीकडंच थांबली. पुढं मी चालत गेले, भर दुपारी, पाठीवर गिटार घेऊन. कासारवाडीत त्यांच्या मंडळाचा मांडव होता आणि त्यात ताकाचं वाटप. मोठं पिंप, त्यात बर्फ, कोथिंबीर. पिंपामागं तो, निळा शर्ट घातलेला, ओगराळ्यानं ग्लास भरत होता. समोर ही लांब रांग.

मी रांगेत उभी राहिले. दुसरं काय करणार! माझा नंबर आला. त्यानं वर न बघता ग्लास पुढं केला, मग वर बघितलं.

"गिटार उतरली का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही. पास झाली."

"मग?"

"मला रिपोर्ट द्यायचाय. मागच्या वेळी अर्धाच दिला होता."

तो ओगराळं तसंच धरून उभा. त्यातून ताक ठिबकत होतं.

"चूक खरीच होती," मी म्हणाले. "मुद्दाम नव्हती. पण तुम्ही 'पुढच्या गुरुवारी' म्हणालात ना, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. जयंती तोंडावर, गिटार उघडी पडलेली... आणि मी रसाचा ग्लास हातात घेऊन आतून खूश होते. पाच वर्षं नोकरी करतेय. माल रिजेक्ट झाला म्हणून खूश झाले ती पहिल्यांदा. हे तुम्हाला सांगितलंच नाही."

"ओ भाऊ, ताक!" मागून कुणीतरी ओरडलं.

"एक मिनिट, राव!" तो माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला. मग हळूच, "आणि... अजून काही राहिलंय का रिपोर्टात?"

"एकच ओळ."

"वाचा की."

"मला तुम्ही आवडता."

रांगेतल्या पहिल्या चार जणांना तरी ते ऐकू गेलं असणार, कारण त्यांच्या माना एकदम आमच्याकडं वळल्या. भूषणनं ओगराळं पिंपाच्या काठावर टेकवलं. मग त्यानं एका दमात सांगितलं, "मी सकाळी काळेवाडीला येऊन गेलो. रस्त्यावर उभं राहून तिन्ही गाणी ऐकली. आत यायची हिंमत झाली नाही. वाटलं, गिटार बघायला आलोय असं म्हणावं, पण गिटार तर बघायची नव्हतीच मला."

"मग काय बघायचं होतं?"

"तुला," तो म्हणाला.

पहिल्यांदाच. मी एवढी भांडखोर, पण त्या एका शब्दाला माझी काहीच हरकत नव्हती. उन्हानं तापलेलं डोकं, सुकलेला घसा, आणि आत मात्र सगळं गार गार होत गेलेलं.

"मी गुरुवारी येईन," मी म्हणाले. "गिटार आणणार नाही. मी एकटीच येईन."

"ए भूषण, अरे माणसं तहानलीत!" रांग आता चांगलीच तापली होती. तो भांबावून कधी पिंपाकडं बघत होता, कधी माझ्याकडं, जणू मी निघूनच जाणार आहे. मी गिटार मांडवाच्या खांबाला टेकवली, पिंपाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले आणि दुसरं ओगराळं उचललं. दोघं मिळून वाटायला लागलो. एक ग्लास तो, एक मी. त्याचा हात माझ्या हाताला लागत होता आणि दोघांपैकी कुणीही तो बाजूला घेत नव्हतं.

मंडळातल्या एका आजोबांनी ग्लास घेता घेता चष्मा वर केला. "भूषण, ह्या कोण रे? नवीन दिसतात."

त्याचे कान लाल झाले. महिनाभर मी त्याच्यासाठी मॅडम होते, तुम्ही होते. सगळी रांग कान देऊन उभी. मला वाटलं, आता म्हणणार, ह्या काळेवाडीच्या मॅडम, ह्यांच्या गिटारचं काम होतं...

"ही श्रद्धा," तो म्हणाला.

नुसतं *ही*. आजोबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पुन्हा ग्लास पुढं केला.

"मग हिच्या हातचं दे अजून एक."

मी त्यांचा ग्लास काठोकाठ भरला.